मान टाकलेली बाहुली

३ जून
ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझी डॉक्टरीण भाची आज कामापुरती मामी होऊन लिहिते आहे. जन्मल्यावर न रडणाऱ्या बाळाला मास्क लावून श्वास द्यावा लागतो. त्याच्या सरावाचं तयार रबरी बाळ अँब्युलन्सएवढं महाग, आणि तेही दूरच्या मोठ्या कॉलेजात. आमचे नवे डॉक्टर पहिला हात चालवतात तो खऱ्या बाळावरच. मला हे सहन होत नाही. तू कापडाचं बाळ शिवून दे. छातीत फुगा ठेव; तोंडातून हवा दिली की छाती वर आली पाहिजे. आमच्या मोठ्या साहेबांना पटलं तर त्यांच्या हाताखालच्या अकराही दवाखान्यांत सराव सुरू होईल.

तुझी लाडकी,
बिट्टी

१२ जून
चि. बिट्टीस अ. उ. आशीर्वाद.

बाहुली पाठवली आहे. लहानपणी माझ्या बाहुल्यांची पोटं फाडायचीस, तेव्हाच ओळखलं होतं ही डॉक्टर होणार. गाल गुबगुबीत केलेत, ओठांवर हसू काढलंय. काका तिला मांडीवरून खाली ठेवेनात.

काम नसतानाही लोभ असू दे.
मावशी

१९ जून
ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

बाहुली इतकी गोड की सगळ्यांनी आधी कडेवर घेतली. खरं बाळ हाती आल्यावर घाबरतात तसं घाबरलं कुणीच नाही. साहेब म्हणाले, भातुकली छान आहे. खरं बाळ तीन किलोचं, लुळं; मान नीट धरली नाही तर श्वासाची वाट बंद होते. तुझी बाहुली हलकी आणि ताठ मानेची, अगदी तुझ्यासारखी. रागावू नकोस. पुन्हा शिवशील? साहेब आणखी एकदाच बघणार आहेत.

बिट्टी

२३ जून
चि. बिट्टीस अ. उ. आशीर्वाद.

उसवली. पोटात वाळू भरली, मान मोकळी सोडली, हसू काढून टाकलं. मान किती लुळी, हे मला कुणाला विचारावं लागलं नाही. तुझा दादा माझ्या पोटी यायच्या आधी मला मुलगी झाली होती. रडलीच नाही. डॉक्टर नवखा होता, त्याला मास्क नीट बसवता येईना. मी त्याला कधी दोष दिला नाही; त्याला कुणी सराव दिलाच नव्हता. नंतर तिला माझ्या हातात दिलं, ते वजन अजून हातात आहे.

पहिली बाहुली मला हवी होती तशी शिवली. ही, होती तशी.

मावशी

३० जून
ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

पत्र तीनदा वाचलं, तिन्ही वेळा रडले. आईनेही कधी सांगितलं नव्हतं गं. साहेबांनी बाहुली उचलली, मान मागे पडली, तसा त्यांचा दुसरा हात आपोआप मानेखाली गेला. मग त्यांनी ती नव्या डॉक्टरांपुढे ठेवली. एका नव्या डॉक्टरला घाम फुटला. चौथ्या खेपेला छाती वर आली.

अकरा हव्यात. जड जात असेल तर सरळ नाही म्हण.

तुझीच,
बिट्टी

६ जुलै
चि. बिट्टीस अ. उ. आशीर्वाद.

जड जातं, पण नाही म्हणणार नाही. मशीनला तेल घातलंय, काका वाळू चाळताहेत आणि घरभर सांडताहेत. तीन झाल्या. प्रत्येकीच्या तोंडात आधी मी फुंकते. छाती वर आलेली डोळ्यांनी बघते, आणि मगच शेवटचा टाका घालते.

लोभ आहेच, तो तुझ्या नव्या डॉक्टर पोरांनाही दे.
मावशी