जांभळ्या नळाचं पाणी

ताईस नमस्कार.

मी बरी आहे. हे आधीच लिहिते, म्हणजे पुढचं वाचून तू घाबरणार नाहीस.

आमच्या धुलाईखान्यात सरकारी हुकूम आलाय. प्यायचं पाणी वाचवायचं, म्हणून कपडे आता गटाराचं पाणी साफ करून त्यात धुवायचे. त्याचा नळ जांभळा आणि वर पाटी, पिऊ नका.

मुकादमीण म्हणते, पाणी एकदम स्वच्छ आहे. मी म्हटलं, "मग घे ना एक घोट!" तर म्हणे, "बाई, तुला धुवायला सांगितलंय, प्यायला नाही." आता स्वच्छ आहे तर प्यायचं का नाही, आणि घाण आहे तर धुवायचं कशाला? माझं तर डोकंच चालेना.

म्हणून धुतलेल्या चादरी मी गुपचूप चांगल्या पाण्यात परत खळबळून काढायचे. मुकादमिणीने पकडलं. "सरकार पाणी वाचवतंय आणि तू दुप्पट सांडतेस! परत दिसलीस तर घरचा रस्ता धर." तिचंही खरंच आहे गं.

आईचा खोकला थांबला का? खरं काय ते लिही.

उद्या पाळणाघराची दुपटी यायचीत. तान्ह्या पोरांच्या अंगाला लागणार ती. कोणाचं खरं मानू कळेना, म्हणून आज माझा गाऊन त्याच पाण्यात धुतला आणि घालून बसलेय. सकाळपर्यंत खाज सुटली नाही तर दुपटी धुईन. सुटली तर हात लावायची नाही. मग या पत्रामागोमाग मीच येते, अंथरूण घालून ठेव.

तुझी धाकटी