धुक्यातल्या फोटोचे वजन

मी, गोपाळराव मानाजी जगदाळे, वय ६८, राहणार देवास, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मन ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. त्यावरची तारीख मी दोनदा पाहिली. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. आणू पाहणाऱ्यांना हे वाक्य कळेल. यापूर्वीची दोन मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. राहते घर मुलगा पियूष याला. माझ्या हयातीत त्याने दलालाला गच्ची दाखवली होती. मी तेव्हा झोपलेलो नव्हतो.

२. बँकेतील ठेव नात शिवानीला. ती सज्ञान होईपर्यंत रकमेला कोणी हात लावू नये. कोणी म्हणजे पियूषने.

३. मायक्रोमीटरही शिवानीला. माप घेण्याआधी त्याचे शून्य तपासावे. कारखान्याच्या तपासणी विभागात मी एकतीस वर्षे काढली. माझ्या हातून चांगला माल कधी नाकारला गेला नाही, असे निरोपाच्या दिवशी भाषणात म्हटले गेले. ते पुढील कलमात दुरुस्त करतो.

४. संगणक, डिस्क आणि त्यातील दोन हजार तीनशे फोटो पुतण्या धीरज गणोजी जगदाळे, राहणार धार, याला.

निवृत्तीनंतर मी डिजिटल कॅमेरा घेतला. पत्नी मालन आणि मी बसने मनावर, कुक्षी, बाग, मांडू ही गावे फिरलो. मालन कॅमेऱ्यासमोर उभी राहत नसे. एवढ्या फोटोंत ती फक्त सात ठिकाणी आहे. जानेवारी २००६ मध्ये ती गेली. त्याच वर्षी डिस्क भरली. फोटो कच्च्या स्वरूपातले, प्रत्येक फाइल साडेनऊ एमबीची.

धीरज म्हणाला, "काका, मी दाबून देतो. जागा वाचेल, आणि एक ठिपकासुद्धा जाणार नाही. उघडलं की जसंच्या तसं."

मी मूळ फायलींची प्रत वेगळ्या डिस्कवर गुपचूप काढली आणि मगच त्याला काम दिले.

काम होऊन आले तेव्हा एकाही फाइलचे वजन दुसरीशी जुळेना. कोणी आठ एमबी, कोणी सहा. आमच्या कारखान्यात मापे अशी जुळली नाहीत तर मालाची अख्खी रास परत जात असे. सर्वांत हलकी फाइल मालनची निघाली. मांडूला, धुक्यात, कड्याजवळ पाठमोरी. साडेतीन एमबी. पियूष म्हणाला, "बाबा, त्याने काहीतरी काटलंच असणार." मला तेवढे पुरले.

मालनच्या वर्षश्राद्धाला पाने वाढलेली होती. मी सर्वांदेखत विचारले, "धीरज, काकूला किती छाटलंस?"

तो म्हणाला, "काका, त्यात नुसतं धुकं आहे. सपाट असतं ते जास्त दबतं. काकू पूर्ण आहे."

मी म्हणालो, "खोटं बोलतोस."

तो भरल्या पानावरून उठला. त्यानंतर या घरात आलेला नाही.

चार महिन्यांनी मी दोन्ही डिस्क घेऊन इंदूरला गेलो. दुकानात नाव खोटे सांगितले. दुकानदाराने दाबलेल्या फायली उघडून मूळ फायलींशी ताडून पाहिल्या. "अंकल, एक बी फरक नहीं है. किसने बोला कि कट गया?"

मी म्हणालो, "एक रिश्तेदार ने."

त्याने पैसे घेतले नाहीत, म्हणून मला संशय आला. दुसऱ्या दुकानात गेलो. तिथे पैसे घेतले आणि तेच सांगितले.

माल चांगला होता. मी नाकारला. हे कळून दोन वर्षे झाली आणि मी कोणाला सांगितलेले नाही. धीरजलाही नाही.

५. माझ्या तेराव्याला पहिले पान धीरजचे वाढावे. तो बसल्याशिवाय पियूषने घास घेऊ नये.

६. मूळ फायलींची डिस्क कोणाला द्यावी, हा प्रश्न उरला होता. आज सकाळी दोन्ही साक्षीदारांसमोर मी ती पुसली. शेजारच्या सुमंगलाबाई म्हणाल्या, "भाऊ, पुन्हा विचार करा. हे गेलं की गेलं." मी म्हणालो, "म्हणूनच तुम्हाला बोलावलं." आता मालनचे जे काही आहे ते धीरजने दाबून दिलेलेच आहे. दुसरी प्रत नाही.

७. या लेखाची एक नक्कल आजच धीरजला रजिस्टर पोस्टाने पाठवत आहे, पोचपावतीसह. पावती परत आली की सही त्याचीच आहे का ते मी पाहीन. त्याची सही मला ओळखता येते. नक्कल मिळाल्यावर त्याने माझ्या तेराव्याची वाट पाहिलीच पाहिजे, असे नाही. रविवारी मी दुपारी बारानंतर जेवतो.

वरील मजकूर लिहून झाल्यावर मी वाचला, साक्षीदारांनी वाचला, मग मी पुन्हा वाचला.

सही: गोपाळराव मानाजी जगदाळे

साक्षीदार:
१. सुमंगला वसंतराव फणसे, निवृत्त शिक्षिका, देवास
२. दत्ताजी रामराव शितोळे, निवृत्त फोरमन, देवास

देवास, सोमवार, दि. १२ ऑक्टोबर २००९