कॅमेरा उलटा होता

बाबा, तुमचं तीनशे दोन आता खुनाचं राहिलं नाही. खून आता एकशे तीन झालाय. आज कुणी तीनशे दोन म्हणालं तर तो धार्मिक भावना दुखावल्याचा गुन्हा, आणि तुमच्या वेळचा सदोष मनुष्यवध, तो तीनशे चार, आता गळ्यातली चेन हिसकावणाऱ्याला लागतो. तुम्ही ऐकलं असतं तर चष्मा कपाळावर चढवून म्हणाला असतात, “मग आम्ही इतकी वर्षं काय घासलं?” ठाण्याचे रायटर हवालदार तुम्ही, फिर्याद, जबाब, पंचनामा, सगळं तुमच्या हातचं. आपल्या घरातली भाषासुद्धा त्या आकड्यांचीच होती. पोलीस लाइनीत दोन बायका नळावर झोंबल्या की तुम्ही आतून म्हणायचात, “तीनशे तेवीस झालं वाटतं.” मी डब्यातला लाडू उचलताना सापडले की, “ये इकडे, तीनशे एकोणऐंशी!” आईला चोरीचं कलम ठाऊक होतं, पण स्वतःची जन्मतारीख नव्हती.

हे नवे आकडे मला धाकट्यामुळे पाठ झाले. तुमचा धाकटा आता सहायक फौजदार आहे, नागपुरातच, निवृत्तीला थोडेच दिवस उरलेत, गुडघे दुखतात आणि मिशी तुमच्यासारखीच ठेवतो. देशातले फौजदारी कायदे एकदम बदलले, दंड, प्रक्रिया, पुरावा, तिन्ही. तेव्हा त्याला प्रशिक्षणाला बोलावलं आणि शेवटी परीक्षा आहे असं सांगितलं. त्या दिवशी त्याचा फोन आला. मी शिकागोजवळच्या नेपरव्हिलच्या घरात सकाळचा चहा टाकत होते, तिकडे संध्याकाळ. “ताई, पोरापोरींच्या समोर नापास झालो तर वर्दी उतरवून घरी येईन मी,” म्हणाला. मी म्हटलं, रोज मला फोन कर, मी विचारते, तू सांग. मग काय, माझ्या फ्रिजवर चिठ्ठ्या लागल्या. एका बाजूला जुनं कलम, दुसऱ्या बाजूला नवं. मी कांदा चिरत विचारायचे, “जबरी चोरी?” तो तिकडे मोजे काढत म्हणायचा, “तीनशे ब्याण्णव… नाही, थांब, तीनशे नऊ!” एकदा इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या एक काकू दूध घ्यायला फ्रिजकडे गेल्या आणि ‘खून = १०३’ वाचून तशाच परत आल्या. त्यांच्या मुलाला सगळं समजावलं, तर तो म्हणतो, “चारशे वीस आता तीनशे अठरा? अरे यार, मग माझ्या बॉसला काय म्हणायचं?”

तुमची नात तुम्ही पाहिली नाही. तुम्ही गेलात त्यानंतर तीन वर्षांनी ती झाली, इथंच. शिकागोत वकील आहे. ज्यांना वकील परवडत नाही अशा आरोपींची बाजू सरकारी पगारावर मांडते. म्हणजे तुम्ही आणि धाकटा ज्यांना पकडून आणणार, त्यांना ही सोडवणार. रविवारी ट्रेननं घरी येते आणि मामाचा फोन असला की माझ्या हातातून ओढून स्पीकरवर टाकते. मराठी समजतं तिला सगळं, बोलते अर्धं. “मामा, पंधरा दिवसांची पोलीस कस्टडी, आणि ती पण तुकड्या-तुकड्यांनी? चाळीस दिवस, साठ दिवस? धिस इज स्केअरी.” मामा म्हणतो, “अगं, आरोपी पहिल्याच दिवशी छाती धरून दवाखान्यात झोपतो. पंधरा दिवस तिथंच सरतात. मग मी काय त्याच्या सलाइनला विचारू?” ती म्हणते, “अँड व्हॉट इफ ही इज ॲक्चुअली सिक?” मामा हळूच म्हणतो, “तेही असतं म्हणा.” मी मधे बसून दोघांना ऐकते. कुणाचं बरोबर ते मला अजून ठरवता आलेलं नाही. पोलिसाचे हात लांब झाले की मला धाकट्याचा थकलेला आवाज आठवतो, आणि त्याच वेळी मुलीनं सांगितलेली ती माणसंही, जी महिनोन्महिने आत राहिली आणि शेवटी निर्दोष निघाली. पण एका गोष्टीवर दोघांचं एकमत होतं. झडती घेताना आता चित्रीकरण करावंच लागतं. मुलगी म्हणाली, “इथे पोलिसांच्या छातीवर कॅमेरा असतो. माझा पहिला प्रश्न तोच असतो, तो कुणी ऑन केला आणि कधी.” धाकटा म्हणाला, “आमच्या छातीवर नाही, आमच्या हातात मोबाईल देतात. आणि माझे हात तर तुला माहीतच आहेत.”

परीक्षेत तो पास झाला, बाबा. चांगल्या मार्कांनी. पेढे वाटले त्यानं ठाण्यात, आणि मी इथं फ्रिजवरच्या चिठ्ठ्या काढल्या नाहीत, तशाच राहू दिल्या.

मग हिवाळ्यात एक दिवस पहाटे साडेपाचला फोन वाजला. बाहेर रात्रभर बर्फ पडलेलं, मी नुकती उठून गॅसवर पाणी ठेवत होते. धाकट्याची ही वेळ नव्हे. “ताई, गडबड झाली.” आवाज अगदी खाली. एका निवृत्त शिक्षक जोडप्याला रात्री चाकूचा धाक दाखवून घर लुटलं होतं, म्हातारीच्या हातातल्या बांगड्यासुद्धा ओढल्या होत्या. संशयावरून दोन भाऊ उचलले होते, थोरला आणि धाकटा. त्यांच्या घरी झडती होती. आपला धाकटा, दोन पंच, शिपाई आणि घरात त्या पोरांची आई. पिठाच्या डब्यात पोटलीत बांगड्या मिळाल्या, चाकू मिळाला. सगळं नीट झालं. बाहेर येऊन ह्यानं व्हिडिओ बघितला. चौदा मिनिटं ह्याचाच चेहरा. मोबाईलचा पुढचा कॅमेरा चालू राहिला होता. डबा नाही, बांगड्या नाहीत, फक्त हा, मिशीला घाम, गंभीर आवाजात सांगतोय, “आता मी कपाटाकडे वळत आहे.”

मला हसू आवरेना. तो हसत नव्हता. “ठाणेदार आलेत. म्हणतात, सगळं डब्यात परत ठेवा, परत काढा, नवा व्हिडिओ घ्या, हा पुसून टाका. पंच इथंच उभे आहेत. दहा मिनिटांचं काम. तसं खोटं काय आहे ताई? वस्तू तर तिथंच सापडली ना?” मी गॅस बंद केला. ठाणेदार म्हणजे त्याचा वरिष्ठ, आणि निवृत्ती दाराशी आलेली. म्हटलं, हो म्हणून टाक, कशाला वाकड्यात शिरतोस, हे अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात तोच म्हणाला, “तुला ती चार पानं आठवतात का? मी तेव्हा पलंगाखाली होतो.”

मला वाटायचं तो झोपला होता. मी आठवीत आहे, तुमचं मनगट मुरगळलेलं आहे, आणि पंचनाम्याची नक्कल तुम्ही मला करायला दिलीय. कायद्यानं तेही चूकच असेल, पण माझं अक्षर तुमच्याहून चांगलं म्हणून तुम्ही कौतुकानं दिलीत. स्वयंपाकघरात आई भाकरी थापते आहे. लिहून झालं की तुम्ही ते तिला वाचून दाखवणार, नेहमीसारखं. चौथी शिकलेल्या बाईला कळलं तर जजसाहेबांना कळेल, हा तुमचा हिशोब. तुम्ही वाचता आहात आणि मधेच थांबता. मी एक वाक्य आपल्या मनानं घातलं होतं, ‘आरोपीच्या डोळ्यांत अपराधाची भावना दिसत होती.’ मला वाटलं तुम्ही शाबासकी द्याल. तुम्ही विचारलंत, “हे कुणाला दिसलं?” मी म्हणाले, “छान वाटतं म्हणून.” तुम्ही चारही पानं फाडलीत. मारलं नाहीत, ओरडलाही नाहीत, आणि त्यामुळेच मला जास्त रडू आलं. मग तुम्ही माझ्यासमोर पाट ओढून बसलात आणि म्हणालात, “ज्याच्याबद्दल लिहितो तो माणूस इथं बोलायला नाही. म्हणून कागदानं त्याच्याशी नीट वागायचं.” पुन्हा सगळं लिहून घेतलंत. भाकऱ्या गार झाल्या, आई तुमच्यावर चिडली, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तुम्ही मला शाईचं नवीन पेन आणून दिलंत, हिरव्या टोपणाचं. काही न बोलता दप्तरात ठेवलंत.

“ठेवतो,” धाकटा म्हणाला आणि फोन ठेवला. दिवसभर ऑफिसात माझं लक्ष लागेना. संध्याकाळी, म्हणजे त्याच्या सकाळी, त्यानं सांगितलं. व्हिडिओ होता तसाच न्यायालयात धाडला, आणि पंचनाम्यात लिहिलं, ‘चित्रीकरण करतेवेळी मोबाईलचा पुढील कॅमेरा चालू राहिल्याने जप्तीऐवजी माझा चेहरा चित्रित झाला आहे. आवाज स्पष्ट आहे. चित्रीकरण पुन्हा केलेले नाही.’ खाली सही. ठाणेदार लाल झाले. दुसऱ्या दिवसापासून धाकटा चौकात बंदोबस्ताला, सकाळी आठ ते रात्री आठ, दुखऱ्या गुडघ्यांवर. असं तीन आठवडे चाललं. मी रोज विचारायचे, तो रोज म्हणायचा, “हवा चांगली आहे इथली, ठाण्यापेक्षा.”

आणि मग ते कामी आलं, बाबा, पण कुणालाच वाटलं नव्हतं अशा बाजूनं. त्या दोघांतल्या धाकट्या भावाच्या वकिलानं व्हिडिओ मागून घेतला. त्यात चित्र नाही, पण आवाज सगळा आहे. डबा उघडल्यावर त्या पोरांची आई घाबरून बोलून गेली होती, “हा डबा थोरल्यानं ठेवला जी, त्या दिवशी धाकटा तर कारखान्यात होता, रात्रपाळीले.” झडतीच्या गडबडीत हे कुणी कानावर घेतलंच नव्हतं. पुन्हा झडती घेतली असती तर ती बाई सावध झाली असती आणि पहिला व्हिडिओ पुसला गेला असता. कारखान्याची हजेरी मागवली, ती जुळली. धाकटा भाऊ सुटला. थोरल्यानं पुढे कबूल केलं आणि त्या म्हाताऱ्या शिक्षिकेच्या बांगड्या तिला परत मिळाल्या. न्यायालयात आपल्या धाकट्याला विचारलं, कॅमेरा उलटा का होता? तो म्हणाला, “साहेब, ते बटण कुठं असतं मला माहीत नव्हतं. आता माहीत आहे.” म्हणे जजसाहेब हसले आणि तसंच उतरवून घ्या म्हणाले.

ठाणेदारांनी मग त्याला बंदोबस्तातून परत बोलावलं. माफी वगैरे काही नाही, पण एक काम दिलं, नव्या भरतीला झडतीचं चित्रीकरण कसं करायचं ते शिकवायचं. पहिल्या तासाला तो स्वतःचाच किस्सा सांगतो. सगळं ठाणं त्याला आता ‘सेल्फी फौजदार’ म्हणतं आणि त्याला ते फार आवडतं, मला त्यानं दोनदा सांगितलं.

त्या रविवारी मुलीला हे सगळं ऐकवलं. ती हसून हसून सोफ्यावरून खाली सरकली. मग डोळे पुसत मामाला म्हणाली, “मामा, तुझी क्रॉस, ती उलटतपासणी, घ्यायची होती मला कधीतरी. आता नको. आय वुड लूज.” मामा तिकडून म्हणाला, “हाव, पण आजोबा असते तर तुला त्यांच्याकडून एक गोष्ट नक्की मिळाली नसती, चुकीचा व्हिडिओ. ते कॅमेरा हातातच घेत नसत.” तिनं विचारलं, आजोबांच्या वेळी पुरावा म्हणजे काय असायचं? आम्ही दोघं एकदमच म्हणालो, आजोबांचं अक्षर.

संध्याकाळी तिला स्टेशनावर सोडायला गेले. रस्त्याच्या दोन्ही कडांना फावड्यानं सारलेलं बर्फ, गाडीत हीटर लावलेला, ती बूट काढून पाय वर घेऊन बसलेली. धाकटा म्हणाला होता की तुमच्या स्मृतिदिनाला विहारात चार शब्द वाचायला हवेत, ताई, तू लिहून पाठव. त्याचंच बोलत होतो आम्ही. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, “आई, इतक्या वर्षांत आजोबांनी एकदा पण खोटा पंचनामा लिहिला नसेल? साहेबानं सांगितलं म्हणून? नेव्हर?” मी गाडी चालवता चालवता म्हणाले, “कधीच नाही.” सिग्नलला थांबले तेव्हाही पुन्हा म्हणाले, कधीच नाही. तिनं मान हलवली आणि बूट घातले.

बाबा, मला माहीत नाही. मी तुम्हाला कधी विचारलं नाही. तुमच्यावरही ठाणेदार होते, तुम्हालाही दोन पोरं होती. हे पत्र विहारासाठीच लिहायला बसले होते, पण ह्या एका परिच्छेदामुळे धाकट्याला ते पाठवणार नाही. त्याच्यासाठी दुसरं लिहीन, छोटं. मुलीला मात्र पुढच्या रविवारी सांगीन, की त्या दिवशी गाडीत मी ‘कधीच नाही’ म्हणाले, ते माहीत होतं म्हणून नव्हे, मला वाटतं म्हणून म्हणाले.