आईच्या आवाजाचा डबा

प्रिय कलावंत बंधुराज,

मजेत असशीलच. मजेत नसायला माणसाला कशाची तरी काळजी असावी लागते. तुझं ते भाषण आम्ही पाहिलं. खालच्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या बाई मोठ्या कौतुकाने फोन घेऊन वर आल्या, 'तुमचाच भाऊ ना हा' म्हणून. मी आणि आईने जेवणाच्या टेबलाशी बसून अथपासून इतिपर्यंत पाहिलं. काळा सदरा तुला शोभतो. पोट झाकलं जातं.

भाषणावर येतेच, पण आधी त्या डब्याबद्दल. पांढऱ्या कापडावर ठेवून, वरून दिवा सोडून तू लोकांना दाखवलास तो. त्याची जी जन्मकथा तू सांगितलीस ती ऐकून माझी करमणूक झाली, म्हणून खरी सांगते. ती विचारायला तुला कधी सवड झाली नाही.

घशाच्या ऑपरेशनमध्ये आईचा आवाज गेला हे मी तुला कळवलं होतं. तू 'टेक केअर' पाठवलं होतंस, आणि खाली एक फूल. जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून अनोळखी माणसांची गाठ घालून देणारी ही बाई. तिच्या आवाजासाठी लोक मुद्दाम चुकीचा नंबर मागतात, असं बाबा चिडवायचे. आता ती मुठीत मावणारं एक यंत्र गळ्याला लावते, बटण दाबते आणि ओठ हलवते. त्यातून एका पट्टीतला, घुमणारा आवाज येतो. राग, माया, चेष्टा, सगळं एकाच सुरात. यंत्र टॉर्चसारखं गोल आणि गुळगुळीत. एकदा हातातून निसटून ओट्यावर आपटलं, तेव्हा तिचा चेहरा इतका पांढरा पडला की मी आधी तिला धरलं, यंत्र नंतर उचललं. दुकानात त्याच्यासाठी मिळते ती कापडाची पिशवी. गाजरं ठेवायला बरी.

म्हणून तिने स्वतःच घर करायला घेतलं त्याचं. कपाटाच्या तळाशी अंगाला लावायच्या पावडरचा जुना, लांबट, पत्र्याचा डबा होता. त्याचं तोंड तिने डबे उघडायच्या चावीने कापून काढलं. कड चाकूसारखी झाली. ती कानशीने घासली, पक्कडीने आत दुमडली आणि लाटण्यावर चढवून ठोकून बसवली. दोन्ही हात कामात, त्यामुळे तिला बोलता येत नव्हतं. मला भरपूर येत होतं. इकडून धर, तिकडून ठोक, हात कापशील. शेवटी तिने हातोडी खाली ठेवली, यंत्र उचलून गळ्याला लावलं, 'गप्प बस' म्हणाली, यंत्र ठेवलं आणि पुन्हा हातोडी उचलली.

पट्ट्यासाठी भोकं पाडायची तर पत्रा चेपला जाणार, म्हणून तिने सांधे मेणाने बुजवून डबा पाण्याने भरला आणि फ्रीजरमध्ये ठेवला. बर्फ झाल्यावर खिळा ठोकला. भोक पडलं, पत्रा जागचा हलला नाही. मग आतून बाबांच्या लोकरी कोटाची बाही चिकटवली आणि डबा गळ्यात अडकवून बाहेर पडली. किती तरी दिवसांनी एकटी. परत आली ती औषधवाल्याशी भांडून, आणि इतकी खूश की विचारू नकोस.

मग तुझी स्वारी आली. एक दुपारभर, त्यातली निम्मी फोनवर. डबा पाहून आधी तू हसलास. 'गळ्यात काय बांधलंयस, गाईची घंटा?' नंतर उजेडात फिरवून पाहिलास आणि तुझे डोळे बदलले. ते डोळे मला लहानपणापासून ठाऊक आहेत. माझ्या ताटातलं काही हवं असलं की असेच व्हायचे. फोटो काढून चार दिवसांत परत पाठवतो म्हणालास. तिने लगेच गळ्यातून काढून दिला. मी डोळे वटारले, तर माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

चार दिवस अजून व्हायचेत. यंत्र मोज्यात राहायला गेलं, आणि मोज्यातून न्हाणीघराच्या फरशीवर. दुरुस्तीहून यायला महिना लागला. तोवर आई चमच्याने भिंत ठोकून मला बोलवायची. मी तुला निरोपावर निरोप पाठवले. तू अंगठे पाठवलेस.

आणि आता भाषण. 'हा डबा माझ्या दिवंगत आईचा. शेवटच्या दिवसांत थरथरत्या हातांनी तिने मला टाकाऊ वस्तूतलं सौंदर्य दाखवलं.' समोरच्या रांगेतली एक बाई डोळे पुसत होती. तूही नाकाला रुमाल लावलास. शिवणकामवाल्या बाईंनी एकदा फोनकडे पाहिलं, एकदा आईकडे, आणि शेगडीवर दूध ठेवून आल्याचं आठवून उठल्या. फोन इथेच विसरल्या. आईने खूण करून तेवढाच तुकडा पुन्हा लावायला लावला. ती हसते तेव्हा आवाज येत नाही, नुसते खांदे हलतात. खांदे हलत होते. ते हसणंच आहे का, हे पाहायला मी थांबले नाही. भांडी घासायला उठले.

तुला चोर म्हणायचीही माझी तयारी नाही. घरमालक जागा होईल अशी चोराला निदान भीती असते. तू मालकिणीलाच मारून मोकळा झालास, आणि वर टाळ्या घेतल्यास.

हे सगळं मी पोटात ठेवणार होते. पुढच्या शनिवारी तुझ्याच शहरात, तुझ्या घराजवळच्या सभागृहात हाच कार्यक्रम आहे, आणि शेवटी श्रोत्यांना प्रश्न विचारता येतील, असं जाहिरातीत वाचलं. आईने मला पहिल्या रांगेतल्या दोन जागा राखून ठेवायला लावल्या आहेत. माझं म्हणणं, काही न कळवता नुसतं जाऊन बसू. पण काल तिने मला समोर बसवलं आणि त्याच एका सुरात म्हणाली, 'त्याला आधी कळव. मी अचानक दिसले तर बोलता बोलता अडखळेल. चारचौघांत हसं होईल त्याचं.' मी म्हटलं, होऊ दे की. तर म्हणाली, 'तू लिही.' म्हणून लिहिलं. तिच्यासाठी, तुझ्यासाठी नाही. शनिवारपर्यंत काय सांगायचं ते ठरव. तिला काय विचारायचं आहे ते ती मलाही सांगत नाही. यंत्र मात्र रोज न चुकता चार्जिंगला लावते आहे.

तुझीच, नाइलाजाने,
ताई