अर्ध्या डेरिव्हेटिव्हची स्मरणशक्ती

१ मार्च, सकाळी ६
डायरी जानेवारीतच आणली होती, मुहूर्त आज लागला. प्रबंध या महिन्यात देणार म्हणजे देणार. बायकोला बढती आहे, पण परगावी. माझ्या प्रबंधापायी तिने दोनदा नाकारली. या खेपेला वीस तारखेपर्यंत कळवायचंय. म्हटलं, त्याआधी प्रबंध देतो, दोघं जाऊ. ती हसली नाही.
नियम: मागची पानं उलटायची नाहीत. उगाळत बसणारा पुढे जात नाही.

३ मार्च
अकराला प्रोग्रॅम लावला, चार वाजले तरी चालूच. अर्ध्या डेरिव्हेटिव्हची, म्हणजे माझ्या प्रबंधाच्या विषयाची, हीच खोड. साधा डेरिव्हेटिव्ह आत्तापुरतं बघतो. हा प्रत्येक पायरीला पहिल्यापासूनचा सगळा इतिहास मागतो. थेट आमच्या हिच्यासारखा. हे तिला सांगितलं. सांगायला नको होतं.
"तू विसरतोस, म्हणून मला लक्षात ठेवावं लागतं," म्हणाली.

६ मार्च
गाइड मॅडमनी तोडगा सांगितला: फार जुना इतिहास सोडून दे, पण जपून, चूक किती वाढते ते तपासत. 'जपून' लिहून घ्यायचं राहिलं. शेवटच्या शंभर पायऱ्या ठेवल्या. उत्तरात एका आकड्याचा फरक नाही!

९ मार्च
दहाच ठेवल्या. तेच उत्तर. एक ठेवली. तेच. एकही नाही ठेवली. तेच! लोक उगाच इतिहास गोळा करत बसलेत. पुस्तकातल्या उत्तराशी जुळत नाही, पण पुस्तक जुनं आहे. छपाईची चूक असणार.

११ मार्च
प्रस्तावना लिहायला बसलो. खुर्ची करकरते. तेल आणायला गेलो. तेल मिळालं.

१४ मार्च
प्रकरणाचं नाव ठरलं: 'इतिहासाची गरज नाही'. बाकी प्रकरण राहिलंय. बायकोने विचारलं, नक्की ना? म्हटलं, काळ्या दगडावरची रेघ. तिने माझे स्वेटरसुद्धा बॅगेत भरले.

१८ मार्च
सेमिनार. अख्खं डिपार्टमेंट हजर. मॅडम शांतपणे म्हणाल्या, डेरिव्हेटिव्हची ऑर्डर, म्हणजे तो कितवा घेतलास ते, पडद्यावर छापून दाखव. छापली. शून्य.
'अर्धा' म्हणून मी १/२ लिहिलं होतं. पूर्ण आकड्यांच्या भागाकारात कॉम्प्युटर अपूर्णांक टाकून देतो. म्हणजे मी डेरिव्हेटिव्ह घेतच नव्हतो, मग इतिहास लागणार कुठून? मॅडम म्हणाल्या, सगळे तक्ते नव्याने कर, सहा महिने तरी धर. मागच्या बाकावर कुणीतरी खोकलं. पुस्तक बरोबर होतं.

२० मार्च
बायकोने होकार कळवला. एकटीचा. माझे स्वेटर घडी घालून परत कपाटात ठेवले. भांडली नाही. भांडली असती तर बरं वाटलं असतं.
ती ऑफिसला गेल्यावर स्वेटरांमागे माझी गेल्या वर्षीची डायरी सापडली. नियम मोडला. १२ एप्रिलचं पान:
"चूक सापडली! १/२ चं शून्य होतंय. किरकोळ आहे. उद्या दुरुस्त करतो."
खाली पेन्सिलीने, बायकोच्या अक्षरात, २० एप्रिल: "केलीस का?"
पुढची पानं कोरी. पेन्सिल शोधून मी त्याखाली 'नाही' लिहिलं.