इंजिनात मी केलेल्या सुधारणा

३ एप्रिल २००६, सोमवार
सुट्टीच्या बॅचला तीन ॲडमिशन. त्यातली दोन सख्खी भावंडं. घरमालक केरबाअण्णा येऊन म्हणाले, "सर, एक मेपर्यंत पंधरा पोरं झाली तर क्लास ठिवा. न्हायतर मोबाईलवाला जागा मागतोय." दहा वर्षं शाहूपुरीत कॉम्प्युटर शिकवतोय. घाबरलो नाही. फक्त जेवण गेलं नाही.

५ एप्रिल
आयडिया! मशीन विरुद्ध माणूस. नेट कॅफेतून सीडीवर एक इंजिन आणलं, म्हणजे बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम. फुकट. कोडसुद्धा खुला, वाटेल तो बदल करा म्हणतात. म्हणजे करणाऱ्यांनाच खात्री नसणार. एक मेला जाहीर सामना. समोर बाळासोकाका, रिटायर्ड एसटी कंडक्टर. तीस वर्षांत स्टँडवर कुणाला हरलेले नाहीत. मशीन जिंकलं की ॲडमिशनला रांग.

९ एप्रिल
इंजिनाशी खेळलो. सतरा चालींत हरलो. बरं आहे, पण धाडस कमी. कोल्हापूरच्या पब्लिकला असलं सावध खेळणं आवडायचं नाही. सुधारणा क्र. १: पुढे सरकणाऱ्या सोंगटीला जादा गुण. कोडात त्याच जागी इंग्रजीत टीप होती: हे विचार करूनच बदला. भित्रेपणा मुळातच आहे.

१४ एप्रिल
मूळ विरुद्ध सुधारित, दहा डाव. सुधारित नऊ हरलं. दहावा लोडशेडिंगमुळे अर्धवट. त्यात आपण हरलो नाही, हे महत्त्वाचं.
बायको, क्रांती, म्हणाली, "मग मूळचंच ठेवा की." तिला रिसर्च कळत नाही.

१९ एप्रिल
इंजिन करणाऱ्या परदेशी टीमला सुधारणा ईमेल केली. एका ओळीत उत्तर: किती डाव खेळवून तपासलंत? कळवलं, साडेनऊ. त्यांचं उत्तर: आम्ही हजारो डाव खेळवतो.
तिकडं लोकांना वेळ फार.

२६ एप्रिल
बाळासोकाका आले. म्हणाले, "मी आपल्या देशी नियमानं खेळणार. राजा एकदा घोड्यागत अडीच घरं उडी मारतोय. जमतंय काय तुमच्या मशीनला?" मशीनला हे माहीतच नाही. म्हटलं, जमतंय की. चार ओळींचं काम.

३० एप्रिल
चारशे ओळी झाल्या. उडी बसवली. मशीन तीन वेळा बंद पडलं, चौथ्यांदा नाही. म्हणजे तयार.
ॲडमिशन फॉर्म झेरॉक्स केले. क्रांती म्हणाली, दहा पुरेत. पन्नास केले.

१ मे, संध्याकाळ
साठ-सत्तर माणसं. चौथ्याच चालीला मशीनच्या राजानं आपण होऊन उडी मारली आणि प्याद्यांच्या पुढे येऊन उभा राहिला. पुढे जाण्याचे जादा गुण राजालाही मिळत होते; त्याला वगळायचं राहिलं. पब्लिकला सांगितलं, ही चाल खोल आहे. राजा अजून पुढे. मागून कुणीतरी ओरडलं, "ओ सर, राजा गारगोटीला निघालाय काय?" बाळासोकाका म्हणाले, "येऊ द्या, तिकीट मी फाडतो." अकराव्या चालीला प्याद्यानं मात.
फॉर्म गेले नऊ. शेंगदाण्याच्या पुड्यांसाठी.

३ मे
मोबाईलवाला टेप लावून जागा मोजून गेला. नंतर बाळासोकाका आले. म्हणाले, "ते मूळचं लावा बघू. तुमचं नको." लावलं. त्याच्यासाठी परदेशी नियमांनी खेळले. तीन डाव सलग हरले. तीस वर्षांत पहिल्यांदा. उठेचनात. "मास्तर हाय ह्यो," म्हणाले. मी सांगितलं, यात अजून सुधारणेला वाव आहे. ते चौथा डाव मांडत होते.

८ मे
जागा राहिली! बाळासोकाका केरबाअण्णांना म्हणाले, मी इथं बुद्धिबळ शिकवतो, पोरं मशीनवर सराव करतील. दोन दिवसांत बावीस नावं. अट एकच: सरांनी कीबोर्डजवळ यायचं नाही. मान्य केलं. मॅनेजमेंट माझ्याकडे. सकाळी शटर उघडतो, मशीन चालू करतो, बाहेर बसतो.

१० मे
बाहेर बसून लक्षात आलं, पोरं चपला कशाही काढतात. सिस्टिम बसवली: आकारानुसार, डाव्या एका बाजूला, उजव्या दुसऱ्या बाजूला. क्लास सुटल्यावर पाऊण तास कुणाला आपली चप्पल सापडेना. दोन पोरं अनवाणी गेली.
बाळासोकाका शांतपणे म्हणाले, "सर, उद्यापासून नुसती किल्ली पाठवली तरी चालंल."