सूट चढवण्याआधी वाच

लेफ्तेरिस,

माणसाचा खरा कस संकटात लागतो. तुझा आज न्हाणीघरात लागणार आहे. मी बेकरीत गेले आहे, त्यामुळे हाका मारून उपयोग नाही.

लग्नाला एकोणीस वर्षं झाली, तेव्हा कुठे माझ्या बाबांनी तुला आमच्या कालिम्नोस बेटाच्या माणसांत धरून समुद्रात बुडी मारून मासे मारायला बोलावलं आहे. काल फोनवर म्हणाले, "त्या अथेन्सच्या मास्तराला धाड. सूटमध्ये मावतो का बघू!" तेव्हा कृपा करून माव.

डुबकीचा सूट आटलेला नाही. मापं तू पोट आत ओढून दिली होतीस. टेप माझ्याच हातात होती. आतून उघडं रबर आहे, ते अंगाला चिकटतं. कोरडं ओढलंस तर फाटेल. एका बाटलीत कोमट पाणी आणि माझं केसांचं कंडिशनर घालून हलव आणि ते पाणी आत सगळीकडे फिरव. आधी विजार, मग वरचा भाग. नखं न लावता बोटांनी थोडा थोडा वर सरकव. काखेतल्या चुण्या काढ. गळ्याशी आवळलं म्हणून कात्री घेऊ नकोस, मागचा सूट तसाच गेला. समुद्रात उतरलास की गळ्यातून घोटभर पाणी आत जाऊ दे, मग बरं वाटेल.

अर्धी बाटली उरव. जाताना बाबांच्या घरी थांब आणि काही न बोलता ती त्यांच्या हातात दे. आईचा आत्ताच फोन आला होता. ते पहाटेपासून झटताहेत आणि त्यांचा सूट गुडघ्यापर्यंत आला आहे.

सेवास्ती